बाळगुटीतील हिरडा

गेल्या महिन्यात ह्या सदरात आम्ही बाळगुटीविषयी चार शब्द लिहिले होते. (गुटी द्यावी की न द्यावी ह्याचा निवाडा आम्ही घरच्या डॉक्टरांवर सोपविला होता, हे ज्यांच्या नजरेतून सुटले त्यांनी कृपा करून तो अंक पुन्हा पाहावा.) त्यावर आलेल्या पत्रांपैकी एक आमच्या मेजावर अजून उघडेच आहे. पत्र लिहिणाऱ्या भगिनींच्या घरी नातू आला आहे. सासूबाईंच्या वेळची सहाण सापडली. वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड सारे जमले. अडले ते बाळहिरड्यापाशी. दुकानातून आणलेल्या पुडीतील निम्मे हिरडे किडके निघाले आणि उरलेले हिरडेच आहेत की आणखी काही, अशी शंका येण्याजोगे. चांगला बाळहिरडा कोठे मिळेल ते कळवावे, अशी त्यांची विनंती आहे. आणि पत्राच्या अखेरीस, सही करण्यापूर्वी, त्या लिहितात की, डोंगरातले लोक झाडेच तोडून विकतात असे ऐकतो, तेव्हा हिरडा राहणार तरी कोठून!

प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. ते शेवटी देऊ. परंतु ह्या अखेरच्या वाक्याने आमचे मन अस्वस्थ झाले. ते वाक्य त्या भगिनींचे नव्हे, ते आमचे आहे. मास्तरकीच्या तेहतीस वर्षांत भूगोलाच्या तासाला आम्ही ते किती मुलांकडून पाठ करवून घेतले असेल ह्याची गणती नाही. 'जंगले नष्ट होण्याची कारणे लिहा' हा प्रश्न, आणि 'आदिवासी लोकांकडून होणारी वृक्षतोड' हे उत्तरातील पहिले कारण. ते कारण ज्याने लिहिले नाही त्याचा आम्ही एक गुण कापीत असू. त्या एका गुणाचा हिशेब आज ह्या पानावर मांडावयाचा आहे.

प्रथम हिरड्याविषयी. संस्कृतात ह्यास हरीतकी म्हणतात. भावप्रकाशात हिच्या सात जाती सांगितल्या आहेत: विजया, रोहिणी, पूतना, अमृता, अभया, जीवन्ती आणि चेतकी. सहा रसांपैकी लवण वगळून बाकीचे पाचही रस ह्या एका फळात आहेत, असे आपले वैद्य मानीत आले, आणि त्यांनी ह्या फळास आईची उपमा दिली. ही सात नावे आम्हांस लहानपणापासून तोंडपाठ. परंतु मौज अशी की, कोणी हिरड्याचे झाड समोर आणून उभे केले असते तर वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत ते आम्हांस ओळखता आले नसते. हिरडा आमच्या लेखी फडताळातील डब्यात उगवत होता.

तो वास्तविक उगवतो सह्याद्रीच्या माथ्यावर. जुन्नर, आंबेगाव, अकोले ह्या तालुक्यांचे पश्चिम अंग, भीमाशंकरच्या आसपासचा मुलूख, ही त्याची मोठी वस्ती; आणि तेथील माणसांची वस्ती मुख्यतः महादेव कोळी व ठाकर ह्यांची. बाळहिरडा ही काही निराळी जात नव्हे. आठळी धरण्यापूर्वी काढून वाळविलेले कोवळे फळ म्हणजे बाळहिरडा. चैत्र सरता सरता आणि वैशाखात तो काढतात. घरातील तरणी माणसे झाडावर चढून फांद्या काठीने झोडतात. खाली बायका, म्हातारी माणसे आणि मुले वेचतात. मग कातळावर किंवा सारवलेल्या अंगणात पसरून तो कडक उन्हात सुकवितात. हिरवे फळ काळे पडते, सुरकुतते, मनुकेएवढे होते. मध्येच वळवाची सर आली तर सारे आवरून घरात घ्यावयाचे, नाही तर बुरशी. जे फळ झाडावर राहील ते पिकून कार्तिकानंतर मोठा हिरडा म्हणून उतरते. परंतु त्यास भाव बाळहिरड्याच्या मानाने फारच थोडा.

ह्या फळाचे त्या घरांतील स्थान कळण्यास त्यांचे वर्ष पाहिले पाहिजे. खाचरातील भात आणि उतारावरील नाचणी-वरई ही खाण्यापुरती, आणि तीही वर्षभर पुरतीलच असे नाही. रोकड म्हणावी अशी त्या घरात येते ती ह्या वैशाखातच, मृगाच्या तोंडावर. बियाणे, मीठ-मिरची, घरावरची कौले, मुलांच्या वह्या, एखादे लग्न, मागील वर्षीची उसनवार, हे सारे ह्या काळ्या फळाच्या जिवावर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर चढून घाटावरून गेले, तेव्हा मृग लागावयास चारच दिवस उरले होते. त्या वाऱ्याने हिरड्याची झाडे उन्मळली, फांद्या पिळवटून पडल्या. भाताचे पीक गेले तर पुढील वर्षी भात पेरता येतो. आजोबाच्या वेळचे झाड पडले तर त्याच्या जागी नातवाच्या वेळचे झाड यावे लागते.

आमच्या आजोळी, जुन्नरास, असाच एक गृहस्थ घाटमाथ्यावरून येत असे. त्याचे नाव आम्हांस कधी कळले नाही. घरात त्यास 'हिरडेवाला' म्हणत. तो पायरीवर बसे. त्यास कोणी 'आत या' म्हणत नसे, आणि पाणी द्यावयाचे ते वरून ओंजळीत. आजी मापास माप मीठ देऊन हिरडा घेई आणि वर मूठभर अधिक घालावयास सांगे. आमची आजी दयाळू बाई होती. तिने दारी आलेल्यास कधी रिकामे पाठविले नाही. परंतु त्या मीठ-हिरड्याच्या मापात काही चुकते आहे असे तिला वाटले नाही, आणि ओट्यावर बसून अडीचकीचा पाढा म्हणणाऱ्या तिच्या नातवालाही वाटले नाही.

पुढे आम्ही घाटाखालच्या एका शाळेत शिक्षक झालो. वर्गात वरच्या वाड्यांवरील पाच-सहा मुले असत. त्यांपैकी एक बुद्धीने चांगला, संस्कृताचे उच्चार तर आमच्या गावातील पुष्कळ मुलांपेक्षा स्वच्छ. वार्षिक परीक्षेच्या आधी तो नेमका बारा-पंधरा दिवस गडप होई. एका वर्षी आम्ही त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'अनियमित. अभ्यासाची आस्था नाही' असा शेरा मारला. दोन दिवसांनी त्याचे वडील धोतराच्या सोग्यात शेरभर बाळहिरडा बांधून आले, आणि हात जोडून म्हणाले, "गुरुजी, झाड काही थांबत नाही." आम्ही त्यांस शिक्षणाचे महत्त्व ह्या विषयावर पाव तास व्याख्यान दिले. हिरडा ठेवून घेतला.

'झाड थांबत नाही' ह्याचा अर्थ आम्ही त्या वेळी फळ पिकून जाते असा घेतला. तो पुरा अर्थ नव्हता. आपल्या बांधावरचे झाड थांबते. घरचे कोणी येईपर्यंत त्यास कोणी हात लावीत नाही. थांबत नाही ते जंगलातले. ते सरकारचे, म्हणजे कोणाचेच नव्हे. आज आपण झोडले नाही तर उद्या पलीकडच्या वाडीचा झोडील, परवा व्यापाऱ्याचा माणूस टोळी घेऊन येईल. म्हणून फळ पुरते भरण्याच्या आधीच, परीक्षा टाकून, सारे घर पळत सुटते. असे फळ हलके भरते, भाव कमी येतो, आणि घाईत फांदीही मोडते. हे सारे आम्हांस त्याच मुलाने पुढे कित्येक वर्षांनी समजावून सांगितले. त्याची गोष्ट पुढे येईल.

जंगल सरकारचे कसे झाले, ही कथा फार जुनी नाही. वनावर राजाचा अधिकारी नेमणे ही कल्पना काही इंग्रजांची नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कुप्याध्यक्ष नावाचा अधिकारी आहे आणि त्याने गोळा करावयाच्या मालात वेणुवर्ग, म्हणजे बांबूच्या जाती, वेगळ्या मोजल्या आहेत. परंतु त्या अधिकाऱ्याचा हात रानातील प्रत्येक पानापर्यंत पोहोचत नव्हता. तो पोहोचला १८७८च्या कायद्याने. त्याआधी १८६५चा एक कायदा होता, पण तो ढिला होता. नव्या कायद्यापूर्वी सरकारी अधिकाऱ्यांतच मोठा वाद झाला. बेडन-पॉवेल ह्यांचा पक्ष असा की, सरकारने लेखी मान्य केला असेल तोच हक्क. बाकीचा वापर कितीही पिढ्यांचा असो, ती केवळ सरकारची मेहेरबानी. पहिले वनमहानिरीक्षक ब्रँडिस ह्यांस गावांकरिता काही जंगल राखून ठेवावे असे वाटत होते. मद्रास सरकारने तर ह्या धोरणास उघड हरकत घेतली. अखेर वरचढ ठरला तो बेडन-पॉवेल ह्यांचा पक्ष. राखीव, संरक्षित असे जंगलाचे प्रकार पडले, आणि कालपर्यंत जो हक्क होता तो दुसऱ्या दिवशी 'सवलत' झाला. व्याकरण शिकविलेल्या माणसास एका शब्दाच्या बदलाने किती उलथापालथ होते हे सांगावयास नको. १९२७चा कायदा ह्याच पायावर उभा आहे.

त्यानंतर जंगल कोणी तोडले? रेल्वेच्या रुळांखाली घालावयाच्या लाकडांसाठी तोडले. दोन महायुद्धांसाठी तोडले. स्वराज्य आल्यावर धरणांखाली, खाणींसाठी, कागदासाठी गेले. आपला हिरडाही त्यातून सुटला नव्हता. कातडी कमावण्यास तो उत्तम, म्हणून गेल्या शतकाच्या आधीपासून मुंबई बंदरातून विलायतेस त्याची मोठी निर्यात होई. आणि जी गोष्ट आम्हांस सर्वांत अधिक टोचते ती कोळशाची. आमच्या लहानपणी घरोघर शेगडी होती. पुण्या-मुंबईच्या त्या शेगड्यांत जो लोणारी कोळसा जळत असे तो सह्याद्रीच्या ह्याच उतारांवरून येई. ठेकेदार झाडे विकत घेई, भट्ट्या लावी, आणि भट्टीवर कातकरी कुटुंबे राबत. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली उचल फेडण्याकरिता ती सारा उन्हाळा राबत, आणि उचल फिटत नसे. कुऱ्हाड त्यांच्या हाती होती, हे खरे. आम्ही भूगोलाच्या तासाला तेवढेच पाहिले होते. त्या कोळशावर आमच्या घरी रोज दोन वेळा कुकर होई, हे उत्तरपत्रिकेत लिहिणारा विद्यार्थी आम्हांस भेटला नाही. भेटला असता तर त्याचा बहुधा गुण कापला असता.

'पण ह्या लोकांस जंगलाचे शास्त्र कोठे कळते?' असे कोणी म्हणेल. ह्यावर कारवारकडची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ ह्यांचे चिरंजीव प्रा. माधव गाडगीळ ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात त्या जिल्ह्यातील बांबूचा अभ्यास केला. कागद गिरण्यांस सरकार टनामागे रुपया-दोन रुपये अशा नाममात्र दराने बांबू देत असे. टोपल्या विणणाऱ्या बुरुडास तोच बांबू बाजारात त्याच्या शेकडो पट किमतीस पडे. एवढे करूनही बांबू झपाट्याने संपत चालला होता, आणि दोष नेहमीप्रमाणे गावकऱ्यांवर होता. त्या बांबूच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचे दाट जाळे असते. ते बेट 'स्वच्छ' केले म्हणजे बांबू जोमाने वाढेल, असे वनशास्त्राचे मत होते, आणि तसे ते स्वच्छ केले जाई. गावकरी म्हणत, काटे काढू नका; काटे आहेत म्हणून कोवळा कोंब वाचतो, काटे गेले की गुरे आणि वानरे तो खाऊन टाकतील. गाडगीळांनी बेटे मोजून, कोंब मोजून पाहिले. गावकऱ्यांचे म्हणणे खरे निघाले. शास्त्र पुस्तकात होते, आणि शास्त्राची परीक्षा त्या काट्यांपाशी झाली.

आता विदर्भाकडे वळू. कारण हक्क हाती आल्यावर काय होते हे पाहावयाचे असेल तर गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) ह्या गावाकडे पाहावे लागते. सुमारे शंभर घरांचे गोंड लोकांचे गाव. सभोवती १,८०० हेक्टरांच्या आसपास जंगल. १९८०च्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टणम् ह्या धरणांविरुद्ध आंदोलन झाले, बाबा आमटे त्यात होते, आणि त्या आंदोलनातून ह्या गावास आपल्या जंगलाचा विचार आपणच करावयाचा अशी सवय लागली. देवाजी तोफा हे गावचे, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे बाहेरून येऊन मिळालेले सहकारी. गावाने फळझाड तोडावयाचे नाही असे ठरविले; फळासाठी फांदी छाटण्याची जुनी खोड सोडली. मध काढताना पोळे जाळावयाचे नाही, म्हणून मधमाशांचा अभ्यास केला. असे अभ्यासगट त्या गावात अनेक झाले. शाळेचा उंबरठा न ओलांडलेली माणसे अभ्यासगटात बसतात, ह्या गोष्टीचे आम्हांस फार कौतुक वाटते.

त्याहून विशेष म्हणजे त्यांची निर्णयाची रीत. तेथे बहुमत चालत नाही. सर्व घरांतील बायका-पुरुष बसतात आणि सर्वांची संमती होईपर्यंत निर्णय होत नाही. एकाने हरकत घेतली तर पुन्हा बसावयाचे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळ एकत्र कुटुंबात नांदणारे आहेत. दिवाळीस कोणाच्या माहेरी कोण जाणार एवढ्या गोष्टीवर सर्वसंमती करण्यास किती रात्री लागतात ते त्यांस ठाऊक आहे. शंभर घरांनी ती जंगलावर करावयाची, आणि वर्षानुवर्षे करीत राहावयाची, हे काम किती चिकाटीचे आहे ह्याचा अंदाज त्यांनीच बांधावा.

२००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला. त्याच्या प्रस्तावनेतच वनात राहणाऱ्या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी कबुली आहे. १८७८ साली ज्याची 'सवलत' झाली होती त्याचा ह्या कायद्याने पुन्हा 'हक्क' झाला: गौण वनोपजावर मालकी, ते वेचण्याचा व विकण्याचा अधिकार, आणि गावाच्या सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार. बांबू त्या कायद्यात गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिला आहे. मेंढ्यास असा सामूहिक हक्क २००९ साली मिळाला. देशात ज्या गावांस तो सर्वप्रथम मिळाला त्यांत हे गाव आहे.

आणि येथे मोठी गंमत झाली. हक्काचा कागद गावाच्या हाती, परंतु गावचा बांबू गावाबाहेर न्यावयाचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा, आणि तो मिळेना. कारण १९२७च्या कायद्यात बांबू हे 'झाड' होते! नव्या कायद्यात तो गवतासारखा गौण माल, जुन्या कायद्यात सागवानासारखा वृक्ष. वनस्पतिशास्त्र सांगते की बांबू हे गवतच आहे. परंतु परवाना देणाऱ्याच्या हाती जुने पुस्तक होते. मार्च २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांनी सर्व मुख्यमंत्र्यांस पत्र लिहिले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः मेंढ्यास आले. वाहतूक परवान्यांचे पुस्तक त्या दिवशी ग्रामसभेच्या हाती पडले. बांबू 'झाड' ह्या व्याख्येतून निघावयास मात्र आणखी सहा वर्षे गेली. ती दुरुस्ती २०१७ची. गावाने बांबू स्वतः तोडला, स्वतः विकला, मजुरी वाटली, आणि उरलेले पैसे ग्रामसभेच्या खाती ठेवले. पुढे २०१३ साली त्या गावाने ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे केली. एवढा मोठा ठेवा हाती आला असता पहिल्याच वर्षी सारा बांबू तोडून मोकळे होतील, असे भाकीत करणारे पुष्कळ होते. तसे झाले नाही. ज्यास पुढील वर्षीही तोच बांबू आपलाच राहणार ह्याची खात्री आहे, तो कोंब राखतो. कापणाऱ्याच्या मागे दुसरा कापणारा उभा असेल तर कोणीच राखीत नाही. सर्व विषयाचे मर्म आमच्या मते ह्या एका गोष्टीत आहे.

परंतु ह्यावरून सर्व वाड्यांचे मेंढे झाले असे कोणी समजू नये, आणि आम्हीही तसे भासवू इच्छीत नाही. कागद मिळण्यास वर्षे जातात. दावे नामंजूर होतात, कधी नकाशा जुळत नाही म्हणून, कधी पुरावा पुरा नाही म्हणून. कागद मिळाल्यावरही पैशांवरून भांडणे होतात. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटविण्याची चाल अजून पुष्कळ ठिकाणी आहे, आणि तो वणवा पुढे डोंगर खातो. बाळहिरड्याचीही एक बाजू आहे: सारे फळ कोवळेपणीच उतरविले तर आठळी धरणार कशी आणि नवे झाड येणार कोठून? हा दोष वेचणाऱ्यांचा आहे तसा आपलाही आहे; पिकलेल्या हिरड्यास चार पैसे अधिक मिळते तर काही फळ झाडावर राहिले असते. केंद्र सरकारने २०१३-१४ पासून गौण वनोपजास किमान आधारभूत किमतीची योजना लावली व हिरडा तीत आहे. पण खरेदी वेळेवर सुरू झाली तरच तिचा उपयोग, नाही तर मृगाच्या तोंडावर अडलेला माणूस व्यापारी देईल तो भाव घेतो. आणि तरुण मुले? ती चाकणच्या कारखान्यांत जातात. जाऊ नये असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? आमची दोन्ही मुले तर बंगळुरास आहेत.

आता त्या विद्यार्थ्याची गोष्ट. गेल्या वैशाखात आम्ही त्याच्या वाडीवर गेलो होतो. तो आता पन्नाशीच्या घरात आहे, आणि गावच्या वनहक्क समितीत आहे. अंगणभर हिरडा वाळत पडला होता. त्याने आम्हांस माजघरात नेऊन बसविले, चहा दिला, आणि मग सांगितले की, जंगलातला हिरडा काढावयाची तारीख आता ग्रामसभा ठरविते. त्या दिवसापूर्वी कोणी काठी लावावयाची नाही, आणि काही झाडे बियांसाठी मुळीच झोडावयाची नाहीत. पहिल्या वर्षी दोघांनी तारीख मोडली. त्यांस सभेत उभे केले. दुसऱ्या वर्षी कोणी मोडली नाही. फळ आता पुरते भरलेले उतरते, म्हणून वजनासही बरे पडते. आम्ही विचारले, "तारीख कोणती धरता?" तो म्हणाला, "पोरांची परीक्षा झाल्यावरची, गुरुजी." हे बोलताना त्याने आमच्याकडे पाहिले नाही, आणि आम्हीही चहाचा पेला बराच वेळ तोंडाशी धरून होतो.

निघताना आम्ही दोन किलो बाळहिरडा मागितला. त्याच्या आईने भाव सांगितला. आणि काय सांगावे, आमच्या तोंडून सवयीने निघून गेले, "थोडे कमी करा की, आई." म्हातारी हसली आणि तराजूत आणखी एक मूठ टाकू लागली. आम्ही तिचा हात धरला.

असो. भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर. चांगला बाळहिरडा काळा, टणक व सुरकुतलेला असतो. फोडला असता आत आठळी नसते. पाण्यात टाकला असता तो तरंगत नाही, बुडतो. आणि सहाणेवर एक-दोन वेढ्यांतच उगाळून येतो. छिद्र दिसले तर तो फेकून द्यावा. आम्ही आणलेल्या हिरड्यातील पाव किलो त्यांच्या पत्त्यावर टपालाने पाठविला आहे. टपालखर्च आमचा, नातवासाठी. हिरड्याची किंमत मात्र त्यांनी सोबतच्या चिठ्ठीतील पत्त्यावर परस्पर त्या घरी पाठवावयाची आहे, आणि ती चिठ्ठीत लिहिली आहे तेवढीच.